लॉगच्या आधी माणसाला कळतं: सायबर धोक्यांची खबर माणसांकडून कशी मिळवावी

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या कार्डांवरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांवरून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून १३.९२ कोटी हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख. एटीएमची विनंती बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला एटीएम स्विच म्हणतात; हल्लेखोरांनी त्याला समांतर असा बनावट स्विच उभा केला होता. पैसे काढण्याची विनंती बँकेच्या खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, 'द्या' हे उत्तर मधूनच जात होतं.

या प्रकरणाची तांत्रिक बाजू बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. मला त्यातली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. कोल्हापूर, मुंबई, इंदूर इथल्या एटीएमसमोर क्लोन केलेली, म्हणजे नक्कल करून बनवलेली, कार्डं घेऊन माणसं उभी होती. म्हणजे त्याआधी कुणीतरी त्यांना गाठलं होतं, कार्डं हातात ठेवली होती, पिन सांगितले होते, दिवस आणि वेळ कळवली होती, टक्केवारी ठरवली होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. आणि हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता: येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकदम रोकड काढण्याचा कट शिजतो आहे. कुठल्या बँकेची कार्डं फोडली आहेत, हे त्या इशाऱ्यात नव्हतं.

सर्व्हरच्या पडद्यावर आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदींत, सगळं शांत असताना ही गोष्ट कितीतरी जणांना ठाऊक होती. अशी ठाऊक असलेली गोष्ट वेळेत आपल्या कानावर यावी, यासाठी पोलीस आणि गुप्तवार्ता खाती पिढ्यान् पिढ्या जी पद्धत वापरत आली, ती सायबर सुरक्षेत कशी आणायची हे पायरीपायरीने सांगतो. नागरी सहकारी बँक, पतसंस्था, मध्यम कारखाना, रुग्णालय अशा ठिकाणी दोन-तीन माणसांवर आयटीचा गाडा ओढणारे लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळे विभाग असतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. कर्मचाऱ्यांचे फोन ऐकणं, त्यांची खासगी खाती चाळणं, एकाला दुसऱ्यावर नजर ठेवायला लावणं यातलं काहीही इथे अभिप्रेत नाही. ते कायद्यात बसत नाही, आणि ज्या दिवशी ते उघड होईल त्या दिवसापासून कोणीही तुम्हाला काहीही सांगणार नाही. इथे खबर म्हणजे माणसाने राजीखुशीने, विश्वासाने दिलेली माहिती.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर उतरवा

'आपल्यावर हल्ला होईल का?' या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण त्याचं उत्तर कोणत्याही एका माणसाकडे नसतं. प्रश्न असा हवा की तो ऐकल्याबरोबर 'हे अमक्याला माहीत असेल' असं मनात यावं. सहकारी बँकेसाठी मी साधारण असे लिहीन:

आपल्या शाखांमध्ये भाड्याने देण्यासाठी खाती उघडली जात आहेत का, आणि ती कोण उघडायला लावतंय?

एटीएम स्विच, कोअर बँकिंग (खात्यांची मूळ संगणक प्रणाली) आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या कंत्राटदारांची कोणती माणसं गेल्या सहा महिन्यांत सोडून गेली? त्यांचे पासवर्ड बंद झाले का?

आपल्या कर्मचाऱ्यांना नोकरी, मैत्री किंवा पैशाच्या निमित्ताने कोणी अनोळखी माणूस गाठतो आहे का?

तीन ते पाच प्रश्न पुरेत. ते व्यवस्थापकीय संचालकांसमोर ठेवा आणि त्यांच्याकडूनच 'याचं उत्तर "हो" आलं तर मी काय निर्णय घेईन' हे वदवून घ्या. ज्या प्रश्नाच्या उत्तराने कोणताच निर्णय बदलत नाही तो प्रश्न खोडा. गुप्तवार्तेच्या कामात सर्वांत जास्त श्रम वाया जातात ते कुणीही न मागितलेली माहिती गोळा करण्यात.

दुसरी पायरी: कोणाला काय दिसतं, याचा नकाशा

हा कामाचा गाभा आहे, त्यामुळे इथे वेळ काढा. एक मोठा कागद घ्या आणि आपल्या संस्थेला रोज स्पर्श करणाऱ्या प्रत्येक माणसाचं काम त्यावर लिहा. हुद्दा नको, काम लिहा. समोर लिहा: याला असं काय दिसतं जे मला दिसत नाही?

खातं उघडणाऱ्या काउंटरपासून सुरुवात करा. कॉलेजातला मुलगा खातं उघडायला येतो. त्याच्या मागे उभा असलेला माणूस कागद त्याच्या हातून घेऊन पुढे करतो. मोबाइल नंबर सांगताना मुलगा त्या माणसाकडे बघतो. पासबुकाशी काही देणंघेणं नाही, पण एटीएम कार्ड आणि नेट बँकिंग आजच्या आज हवं. काउंटरवरच्या ताईंना हे सगळं दिसतं. कॉम्प्युटरला दिसतो फक्त नीट भरलेला अर्ज. डिजिटल अटक, शेअर ट्रेडिंगचं आमिष, घरबसल्या काम अशा सगळ्या फसवणुकींतला पैसा शेवटी अशाच भाड्याच्या खात्यांमधून फिरतो, त्यामुळे या काउंटरची किंमत माझ्या लेखी महागड्या सॉफ्टवेअरहून जास्त आहे.

एटीएमचा वॉचमन. एकच माणूस हेल्मेट न काढता, कानाला फोन लावून, एकामागून एक कार्डं घालतो आहे हे त्याच्याइतकं जवळून कोण बघणार? रोकड भरणाऱ्या गाडीवरची माणसं: एखादं मशीन नेहमीपेक्षा फार लवकर रिकामं झालं की सर्वांत आधी त्यांच्या लक्षात येतं, पण ते ही गोष्ट आपापसांत बोलतात आणि पुढच्या मशीनकडे निघतात. ते कंत्राटी असतात, बँकेचा कोणताही माणूस त्यांच्याशी बोलत नाही.

हेल्पडेस्कवर फोन येतो: 'मी अमुक शाखेतून बोलतोय, पासवर्ड रिसेट करून द्या.' आवाजात घाई आहे, साहेबांचं नाव घेतलं जातं, पण शाखेतल्या साध्या गोष्टी त्याला ठाऊक नाहीत. पासवर्ड दिला नाही म्हणजे काम संपलं असं हेल्पडेस्कला वाटतं. खरं तर हल्ल्याआधीची चाचपणी तुमच्या हाती लागलेली असते आणि ती कुठेच नोंदली जात नाही.

मनुष्यबळ विभागाला ठाऊक असतं कोण रागावून सोडून गेलं. कंत्राटदाराच्या इंजिनिअरला ठाऊक असतं की दुसऱ्या ग्राहकाकडे काय बिघडलं. तो नाव सांगणार नाही आणि सांगूही नये, पण 'या आठवड्यात अमुक सेवेकडे जरा लक्ष ठेवा' एवढं तो म्हणतो, जर तुमचं त्याच्याशी बिलापलीकडचं बोलणं असेल तर.

संस्थेबाहेरची माणसं वेगळ्या कागदावर घ्या. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातले अधिकारी, शेजारच्या बँकांतले आपल्यासारखेच दोन-तीन जण, सर्ट-इन (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था), आणि बँक असाल तर हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेचं आयबी-कार्ट, जे धोक्यांची माहिती बँकांनी वाटून घ्यावी म्हणूनच उभं केलेलं व्यासपीठ आहे. यांची ओळख प्रसंग पडायच्या आधी करून घ्या. मध्यरात्री पहिल्यांदा फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला कोणी मोकळेपणाने काही सांगत नाही.

अशा बाहेरच्या माणसांत एक गट सहसा विसरला जातो. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या फसवणूक केंद्रांतून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं गेलं. यातल्या अनेकांना नोकरीच्या आमिषाने नेऊन तिथे जुंपलं होतं. फोनवर काय बोलायचं याच्या चिठ्ठ्या, सावज कसं निवडतात, पैसे कोणत्या क्रमाने फिरवतात, हे त्यांनी आतून पाहिलेलं असतं. त्यांची चौकशी पोलिसांनी करायची, आपण नव्हे. पण असा एखादा मुलगा आपल्या गावात परतला असेल, त्याच्या घरचे आपले खातेदार असतील, तर त्याला गुन्हेगार समजून तोंड फिरवू नका.

तिसरी पायरी: माणूस येऊन बोलेल असं वातावरण

जुलै २०२० मध्ये एगोर क्रिउचकोव्ह नावाचा रशियन तरुण अमेरिकेत आला. नेवाडातल्या टेस्लाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका रशियन बोलणाऱ्या कर्मचाऱ्याशी त्याने आधी व्हॉट्सॅपवरून ओळख काढली होती. त्याला आणि त्याच्या मित्रांना तो ताहो सरोवरावर फिरायला घेऊन गेला, खर्च स्वतः केला, फोटोत यायला मात्र टाळाटाळ केली. मग मूळ गोष्ट काढली: कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक प्रोग्राम टाक, पाच लाख डॉलर देतो. पुढे बोली दहा लाखांवर गेली. आत प्रोग्राम काम करत असताना सुरक्षेच्या लोकांचं लक्ष वळवायला बाहेरून दुसरा हल्ला करायचा, असाही बेत होता.

कर्मचाऱ्याने कंपनीला सांगितलं, कंपनीने एफबीआयला. तो पुढच्या भेटींना एफबीआयच्या सांगण्यावरून गेला, बोलणं ध्वनिमुद्रित झालं, आणि २२ ऑगस्टला क्रिउचकोव्हला लॉस एंजलिसमध्ये अटक झाली. मार्च २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

नेटवर्कचं राखण करणारी कोणतीही फायरवॉल ही गोष्ट पकडू शकली नसती. दहा लाख डॉलरची बोली लागलेली असताना तो माणूस कंपनीकडे गेला, कारण आपल्यावर विश्वास ठेवला जाईल असं त्याला वाटलं असणार. आपल्याकडे एखाद्या कारकुनाला असा फोन आला आणि तो साहेबांकडे गेला, तर पहिला प्रश्न काय असतो? 'तुलाच का आला?' हा एक प्रश्न वर्षभराची सगळी प्रशिक्षणं मातीत घालतो.

म्हणून नियम छोटे आणि ठाम ठेवा. एक फोन नंबर, जो माणूस उचलतो. सांगणाऱ्याला मिळणारं पहिलं वाक्य ठरलेलं: 'बरं झालं सांगितलंत.' चुकून लिंक दाबली, पासवर्ड दिला, असं स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई नाही, आणि हे लेखी, संचालकांच्या सहीने. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कळवायचं की त्याच्या माहितीचं काय झालं. यातली शेवटची गोष्ट सगळे विसरतात. ज्याला काहीच कळवलं नाही, तो पुढच्या वेळी येत नाही.

चाचणी म्हणून बनावट फिशिंग मेल (फसवून लिंक दाबायला किंवा पासवर्ड द्यायला लावणारे मेल) पाठवून कर्मचाऱ्यांना पकडायचं आणि नावं फळ्यावर लावायची, असा एक प्रकार हल्ली फार चालतो. माझा याला विरोध आहे. त्यातून लोक मेल ओळखायला शिकतात की नाही माहीत नाही, पण आयटी विभाग आपल्या विरोधात आहे हे नक्की शिकतात. चाचणी घ्यायचीच असेल तर किती जणांनी कळवलं ते मोजा, आणि कळवणाऱ्यांची नावं फळ्यावर लावा.

चौथी पायरी: विचारायचं कसं

समजा हेल्पडेस्कवरच्या ताईंनी कळवलं की सकाळी एक संशयास्पद फोन आला होता. बहुतेक जण लगेच विचारतात: 'नंबर कुठला होता? काय मागितलं? तुम्ही काही दिलं तर नाही ना?' तीन प्रश्नांत ताई बचावाच्या पवित्र्यात जातात आणि पुढची सगळी उत्तरं आखूड येतात.

१९८० च्या दशकात रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांच्या मुलाखतीची एक पद्धत बसवली. तिचा आधार साधा आहे: आठवण ज्या प्रसंगात साठली, तो प्रसंग मनात पुन्हा उभा केला की जास्त तपशील वर येतात. ऑफिसात ती अशी वापरता येते.

'ताई, चहा घ्या. घाई नाही. सकाळी जागेवर बसलात तिथपासून सांगा. शेजारी कोण होतं, समोर काय उघडं होतं, तेही सांगा. बिनमहत्त्वाचं वाटलं तरी सांगा.'

मग गप्प बसा. खरोखर गप्प. मधे थांबल्या तरी तो रिकामा वेळ भरू नका, पुष्कळदा उपयोगाची गोष्ट त्या शांततेनंतर येते. पहिल्यांदा सांगून झालं की शेवटाकडून सुरुवातीकडे यायला सांगा: 'फोन ठेवायच्या आधी तो शेवटचं काय म्हणाला? त्याच्या आधी?' उलट क्रमाने सांगताना, पहिल्या वेळी गोष्ट सुटसुटीत करण्याच्या नादात गाळलेले तपशील सापडतात. नंतर कान आणि डोळे वेगळे करा: मागे कसला आवाज होता, इतर लोक बोलत होते का, तो वाचून दाखवल्यासारखा बोलत होता की सहज? आपल्या शाखेचं नाव त्याने आपण घेतो तसं घेतलं, की पाटीवर आहे तसं पूर्ण?

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. आतला माणूस 'शिवाजीनगर' म्हणेल, कागदावरून वाचणारा 'शिवाजीनगर शाखा, पुणे' म्हणेल. त्यावरून त्याच्यामागे आतलं कोणी आहे की फक्त वेबसाइट, याचा अंदाज बांधता येतो.

उत्तर तोंडात घालू नका. 'तो हिंदीत बोलत होता का?' याऐवजी 'कसा बोलत होता?' ऐकताना ताईंचे शब्द जसेच्या तसे लिहा, तुमचा अर्थ वेगळ्या रंगाच्या शाईने. सगळं झाल्यावर विचारा, 'असा फोन आणखी कुणाला आला असेल असं वाटतं?' एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायची वाट याच प्रश्नातून मिळते.

पाचवी पायरी: बाहेर कान ठेवताना कायद्याच्या आत राहा

मार्च २०२२ मध्ये लॅप्सस नावाच्या टोळीने आपल्या टेलिग्राम चॅनेलवर सरळ जाहिरात दिली: दूरसंचार, सॉफ्टवेअर, कॉल सेंटर अशा कंपन्यांत काम करणारे कर्मचारी हवेत, माहिती चोरायची गरज नाही, फक्त आत येण्याची वाट द्या. पुण्या-मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा कुणीही ती वाचू शकत होता. अशा उघड जागा वाचणं, आपल्या संस्थेचं नाव कुठे येतंय का बघणं, एवढं कोणीही करू शकतं.

टोळ्यांच्या आतल्या माणसांचा रुसवा हाही मोठा स्रोत ठरला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कॉन्टी या खंडणीखोर टोळीच्या एका साथीदाराने, आपल्याला फक्त १५०० डॉलर दिले म्हणून चिडून, टोळीची प्रशिक्षणाची कागदपत्रं जाहीर केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये टोळीने रशियाला पाठिंबा दिल्यावर तिच्या आतल्या गप्पांचे हजारो संदेश बाहेर आले. पगार, रजा, साहेबांविषयीच्या कुरबुरी, सगळं त्यात होतं. असं साहित्य जाहीर झालं की सुरक्षा संशोधक त्याचं विश्लेषण प्रसिद्ध करतात. ते वाचा, त्यात नोंदलेली साधनं आणि सवयी आपल्याकडे दिसतात का तपासा.

यापुढे मात्र सावध. खोटं नाव घेऊन गुन्हेगारांच्या गटात शिरावं, थोडं बोलून बघावं, असा मोह हुशार तरुणांना होतो. एफबीआयच्या कीथ मुलार्स्कींनी 'मास्टर स्प्लिंटर' या नावाने डार्कमार्केट नावाच्या कार्ड चोरांच्या ऑनलाइन अड्ड्यात शिरून तो २००८ मध्ये मोडून काढला. डच पोलिसांनी २०१७ मध्ये हान्सा हा इंटरनेटवरचा काळा बाजार ताब्यात घेऊन जवळपास महिनाभर स्वतः चालवला. पण त्यांच्या मागे न्यायालयाची परवानगी आणि सरकारी यंत्रणा होती. तुमच्या मागे ती नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तो पासवर्ड चोरांच्या अड्ड्यावरचा असला तरी. खऱ्या माणसाचं नाव-फोटो उचलून ओळख बनवू नका. चोरीचा डेटा 'आपला आहे का बघायला' विकत घेऊ नका. कुणाला गुन्हा करायला सुचवू नका, मदत करू नका. आपल्या संस्थेचा चोरीचा डेटा कुठे विकायला दिसला तर स्क्रीनशॉट, वेळ, पत्ता नोंदवा, आपल्या वकिलांना सांगा, आणि पोलीस व सर्ट-इनकडे जा. पुढचं संभाषण करायचं की नाही, हा निर्णय त्यांचा.

सहावी पायरी: खबरीची प्रत (दर्जा) लावा

दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलेली एक सोपी पद्धत आहे. ती मूळची ब्रिटिश आरमाराची. सांगणारा किती भरवशाचा, याला ए ते एफ अक्षर द्यायचं. सांगितलेली गोष्ट किती खरी वाटते, याला १ ते ६ आकडा. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा, ई म्हणजे बेभरवशाचा, एफ म्हणजे त्याच्याविषयी अजून काही म्हणता येत नाही. १ म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र वाटेने पक्कं झालेलं, ५ म्हणजे संभव न वाटणारं, ६ म्हणजे ठरवता येत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यामुळे मोठा फायदा होतो. नेहमी खरं बोलणारे शाखाधिकारी एखादी ऐकीव गोष्ट सांगतील: बी-४. पहिल्यांदाच भेटलेला रोकड गाडीवरचा चालक असं काही सांगेल जे मशीनच्या नोंदीशी तंतोतंत जुळतं: एफ-१. नुसतं 'कोणी सांगितलं' यावर गेलात तर पहिली खबर धावपळ उडवेल आणि दुसरी केराच्या टोपलीत जाईल.

तीन हेरांचं सांगणं जुळलं की ते खरं मानावं, असं कौटिल्याने सांगून ठेवलं आहे. नियम उत्तम, पण आज त्यात एक सापळा आहे. व्हॉट्सॅपवरच्या तीन बँकर गटांत एकच इशारा आला तर ते तीन स्रोत नव्हेत. एकच मेसेज तीनदा पुढे ढकललेला असतो. प्रत्येक खबरीला विचारा: 'तुम्हाला हे कुठून कळलं?' आणि मूळ सापडेपर्यंत मागे जा. मूळ एकच निघालं तर तो एकच स्रोत मोजा.

सांगणाऱ्याला यातून काय मिळतं, हेही लिहा. पैसा, विचार, दबाव, अहंकार, अपमानाचा सल, किंवा निव्वळ काळजी. रागावून सोडून गेलेल्या माणसाची माहिती खरी असू शकते, कॉन्टीच्या बाबतीत होतीच, पण तो कुणाचं नाव मुद्दाम पुढे करतोय का, हे तपासायला हवं.

सातवी पायरी: लिहा आणि पोहोचवा

अहवाल अर्ध्या पानाचा. काय कळलं, प्रत काय, आमच्या मते याचा अर्थ काय, तो अर्थ किती शक्य, आता काय करावं, आणि कोणती गोष्ट दिसली तर आमचा अंदाज चुकला असं मानू. 'शक्यता आहे' हे दोन शब्द सैल आहेत, एकाला त्यात दहा टक्के दिसतात, दुसऱ्याला सत्तर. म्हणून संस्थेत शब्दांचे अर्थ ठरवून टाका: 'दाट शक्यता' म्हणजे ८० टक्क्यांच्या आसपास, 'निम्मी शक्यता', 'क्वचित' वगैरे, आणि ते अहवालाच्या तळाशी छापा.

माहिती पुढे देताना रंग लावा. जगभर ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल म्हणून ही रीत चालते: लाल म्हणजे फक्त समोर बसलेल्यांसाठी, अंबर म्हणजे संस्थेत आणि तिच्या ग्राहकांत गरजेपुरतं, हिरवा म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या लोकांत, क्लिअर म्हणजे कोणालाही. खबर देणाऱ्याचं नाव अहवालात कधीच नको. त्याला एक क्रमांक द्या, आणि क्रमांक-नावाची वही एका माणसाकडे कुलुपात. 'एकच महिला कर्मचारी असलेल्या अमुक शाखेतून कळलं' असं लिहिणं म्हणजे नाव लिहिण्यासारखंच आहे.

कायद्याची घड्याळं लक्षात ठेवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ग्राहकाचा पैसा गेला असेल तर त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा. हे काउंटरवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

आणि कॉसमॉसकडे पुन्हा येतो, कारण ती घटना कोणत्या वारी घडली हे मी विसरत नाही. इशारा शुक्रवारी, रोकड शनिवारी. अशी टीप तुमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी आली तर? कोण कोणाला फोन करणार? परदेशातले कार्ड व्यवहार थांबवण्याचा, मर्यादा खाली आणण्याचा अधिकार शनिवारी दुपारी कोणाकडे आहे? तो माणूस गावी लग्नाला गेला असेल तर? बी-३ प्रतीची टीप आली तर काय बंद करायचं आणि बी-२ आली तर काय, हे आधी ठरवून, सह्या घेऊन ठेवा. वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, न सांगता हा फोन करून बघा.

आठवी पायरी: हेच डाव तुमच्या माणसांवर

डिसेंबर २०१८ मध्ये चिलीतल्या बँकांची एटीएम जोडणाऱ्या रेडबँक कंपनीत घुसखोरी झाली. तिथल्या एका कर्मचाऱ्याने लिंक्डइनवर नोकरीची जाहिरात पाहून अर्ज केला. स्काइपवर त्याची मुलाखतही झाली, त्याच्याच भाषेत, स्पॅनिशमध्ये. मग 'अर्ज भरण्यासाठी' म्हणून एक फाइल पाठवली गेली, ती त्याने ऑफिसच्या यंत्रावर उघडली. संशोधकांनी या कामाचा धागा उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर गटाशी जोडला.

नव्या नोकरीसाठी अर्ज करणारा माणूस ती गोष्ट ऑफिसात सांगणार कशी? हल्लेखोराने हाच कोपरा निवडला होता. म्हणून आपल्या लोकांना उघडपणे सांगा: दुसरीकडे मुलाखत दिलीत म्हणून इथे कोणी काही म्हणणार नाही, फक्त मुलाखतीची कोणतीही फाइल ऑफिसच्या मशीनवर उघडू नका, आणि विचित्र वाटलं तर त्या नंबरवर फोन करा.

माहिती काढून घेणारा सराईत माणूस थेट प्रश्न विचारत नाही. तो मुद्दाम चुकीचं बोलतो, म्हणजे तुम्ही दुरुस्त कराल: 'तुमच्याकडे अजून जुनंच सॉफ्टवेअर असेल ना?' तो तुमचं कौतुक करतो, स्वतःची एखादी गोष्ट आधी सांगतो म्हणजे तुम्हीही सांगाल, आणि कामाचा प्रश्न गप्पांच्या मधोमध ठेवतो, सुरुवातीला किंवा शेवटी नाही. हे नुसतं सांगून कळत नाही. दहा जणांना बसवून, एकाला 'नव्याने भेटलेला मित्र' करून, अर्धा तास हा खेळ खेळून बघा. खेळानंतर प्रत्येकाने आपण काय काय बोलून बसलो ते स्वतः कागदावर लिहायचं, कोणालाही न दाखवता.

सुरुवात करायची असेल तर पुढच्या आठवड्यात तीनच भेटी घ्या: खातं उघडणारा काउंटर, हेल्पडेस्क, रोकड गाडी. काही विचारू नका, त्यांचं काम कसं चालतं ते बघा, तुमचा नंबर द्या. पहिली टीप यायला बहुधा महिना-दोन महिने लागतात आणि ती बहुधा फुसकी निघते. वॉचमनला संशयास्पद वाटलेला माणूस आईची, बायकोची आणि स्वतःची अशी तीन कार्डं घेऊन आलेला असतो. तरी त्याच संध्याकाळी वॉचमनला फोन करा, काय निघालं ते सांगा, आणि म्हणा, 'दादा, पुढच्या वेळीही असंच लगेच कळवा.'